केश, वेश आणि स्वभाषा : विनयपिटक व शालेय शिस्त

परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी जून महिन्यात शाळा उघडल्या की गुरू आणि शिष्य यांच्यातील पहिला खटका अभ्यासावरून नव्हे, तर गणवेश आणि केस यांवरून उडतो. कानाजवळचे केस तासून डोक्यावर तुरा राखलेला मुलगा, मनगटातील निळा दोरा, गळ्यातील बाबासाहेबांचे पदक, मुलींच्या वेण्या व रिबिनी, प्रत्येक गोष्टीवर कोणाचा ना कोणाचा आक्षेप असतोच. शिक्षक त्याला शिस्त म्हणतात; विद्यार्थी तेच स्वातंत्र्यावरील आक्रमण समजतो. या वादात पाली साहित्याच्या अभ्यासकाने मौन पाळण्याचे कारण नाही. वेश आणि केश यांविषयी अत्यंत बारकाईने नियम करणाऱ्या आणि त्या नियमांमागील प्रसंगही जतन करणाऱ्या प्राचीन भारतीय संस्थांत भिक्खुसंघाचे स्थान अग्रभागी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वेशाचे नियम दोन प्रकारचे असतात. काही नियम माणसाला वेगळे पाडण्यासाठी असतात, तर काही त्याच्यावरची वेगळेपणाची खूण पुसण्यासाठी असतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला प्रेताची वस्त्रे आणि लोखंडाचे अलंकार नेमून दिले आहेत. पेशवाईत अस्पृश्यांना ओळखीची खूण म्हणून मनगटात वा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक ग्रंथात नमूद केले आहे. हे पहिल्या प्रकारचे नियम होत. भिक्खुसंघाने मात्र स्मशानात व उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या, म्हणजेच पंसुकूल, हे आपले आदर्श वस्त्र मानले. मनुस्मृतीची रचना विनयाच्या बहुतांश भागानंतरची मानली जाते. तथापि प्रेतवस्त्राशी जोडलेली हीनता तिच्यापूर्वीचीच असली पाहिजे. जे वस्त्र समाजाने सर्वात खालच्या माणसाच्या अंगावर टाकले होते, ते शाक्यकुमारांनी आणि ब्राह्मणपुत्रांनी स्वेच्छेने अंगावर घ्यावे, यातील क्रांतीकडे आपल्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून तथागतांनी गृहस्थांनी दिलेली चीवरेही स्वीकारण्याची अनुज्ञा दिली. पण मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवर शिवण्याची आनंदाची पद्धत रूढ झाली आणि कितीही मौल्यवान कापड आले तरी त्याचे तुकडेच होऊ लागले.

बाबासाहेबांचे बालपण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तेथे त्यांना बसण्यासाठी स्वतंत्र गोणपाट होते, आणि ते रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा शिपाई त्याला शिवत नसे. धोबी कपडे धुवीत नसे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसे देण्याची ऐपतही होती. तरीही भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे आणि सरावाने ती त्या कामात तरबेज झाली होती. हे सर्व त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शाळा 'स्वच्छ कपडे घालून या, केस नीट कापून या' असे म्हणते, तेव्हा धोबी आणि न्हावी प्रत्येकाच्या दाराशी उभे आहेत, असे ती गृहीत धरते. ज्याच्या डोक्याला न्हावी हात लावत नाही, त्याच्या वाढलेल्या केसांना अस्वच्छता म्हणणे हा दुहेरी अन्याय होता. कपिलवस्तूच्या शाक्यांनी मात्र प्रव्रज्येच्या वेळी आपल्या उपालि न्हाव्याला प्रथम दीक्षा द्यावी, अशी विनंती तथागतांना केली. त्यामुळे त्याला वंदन करणे त्यांना भाग पडणार होते, आणि त्यांचा कुलाभिमान गळणार होता.

१९०१ सालच्या मसूर स्थानकावरील प्रसंगही वेशाचाच आहे. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे अशा पोशाखातील ती मुले पाहून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी केली. जात कळताच तो मागे सरला. वेशाने खूण पुसली होती, तोंडून निघालेल्या एका शब्दाने ती पुन्हा उमटली.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, जेथे २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून वेशाविषयी जे सांगितले त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशा रीतीने लुगडे नेसू नका, गळ्यात आणि कोपरापर्यंत हातांत घातलेले ते जड दागिने टाका, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय होता. स्त्रियांनी त्याच मुक्कामात नेसण्याची पद्धत बदलली. काही टीकाकार याला उच्चवर्णीयांचे अनुकरण म्हणतात. माझ्या मते ही टीका वरवरची आहे. ज्या ग्रंथाने अस्पृश्याच्या अंगावर लोखंड चढविले तो ग्रंथ जाळल्यावर ते लोखंड अंगावर कशासाठी ठेवायचे? आणि गळ्यातील काळा दोरा ज्यांच्या पूर्वजांवर लादला गेला, त्यांच्या मुलाने आज मनगटात आपण होऊन निळा दोरा बांधला, तर त्याला केवळ फॅशन म्हणून झटकून टाकता येत नाही.

आता विनयाकडे वळू. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात केसांची मर्यादा दोन महिने किंवा दोन अंगुळे अशी घातली आहे. फणीने केस विंचरणे, तेलाने चोपडणे, कर्णभूषणे, चेहरा आरशात पाहणे यांना तेथे मनाई आहे. मात्र आजारपणात, तोंडावर व्रण असल्यास, आरसा पाहण्यास मुभा आहे. या नियमांच्या मुळाशी बहुधा छब्बग्गिय भिक्खू असतात. प्रत्येक वर्गात असे सहा विद्यार्थी असतात. शिक्षक-वाचकांना त्यांचा निराळा परिचय करून देण्याची गरज नाही.

पण याच विनयात महावग्गामध्ये एक प्रसंग आहे, आणि तो मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. आईबापांशी भांडून एका लोहाराचा मुलगा विहारात आला आणि त्याला प्रव्रज्या देण्यात आली. आईबाप शोधत आले. ज्यांना काहीच ठाऊक नव्हते असे भिक्खू म्हणाले, आम्ही त्याला पाहिले नाही. पुढे मुलगा तेथेच सापडला आणि भिक्खू खोटे ठरले. त्यावर तथागतांनी नियम केला, की मुंडन करण्यापूर्वी संघाला विचारावे. यालाच भण्डुकम्म म्हणतात. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून मातापित्यांच्या संमतीचा नियमही झाला. तात्पर्य, एका पोराच्या केसांना वस्तरा लावण्यासाठी आईबापांची संमती आणि संघाची अनुमती या दोन्ही आवश्यक ठरल्या. एकट्या आचार्याला तो अधिकार राहिला नाही. वर्गात सर्वांदेखत कात्री चालवून मुलाच्या केसांत मधोमध पट्टा पाडणारे शिक्षक आजही आढळतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. ते वाचण्याचा कंटाळा असेल, तर त्यांनी निदान महावग्ग वाचावा.

आणखी एक गोष्ट. ज्या खन्धकात केसांची मर्यादा आहे, त्याच खन्धकात यमेळु व तेकुल या ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूंची कथा येते. नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत म्हणून ते बिघडवतात, तेव्हा ते छन्दसात बांधू या, असे त्यांनी सुचविले. तथागतांनी त्यांना दोष देऊन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. बुद्धघोषाचार्यांनी याचा अर्थ बुद्धाची स्वतःची मागधी असा केला आणि गायगर यांनी तो उचलून धरला. ऱ्हीस डेव्हिड्स व ओल्डेनबर्ग यांनी शिकणाऱ्याची स्वतःची बोली असा अर्थ घेतला. कथेचा संदर्भ पाहता मला दुसरा अर्थच संगत वाटतो, कारण तक्रारच मुळी नाना बोलींविषयी होती. संघाने केस आणि वस्त्र एकसारखे केले, जीभ मात्र एकसारखी केली नाही. आमच्या शाळांत बहुधा याच्या उलट घडते. गोदाकाठचा मुलगा घरची बोली बोलला की त्याला अशुद्ध ठरविले जाते. केस कापले तर पुन्हा वाढतात, पण तोंड उघडताच हसे झालेला मुलगा पुढे वर्षभर हात वर करीत नाही.

गणवेशाचे व्यवहारही पाहिले पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना राबविली, तेव्हा अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, मापांच्या तक्रारी आल्या, आणि पुढील वर्षासाठी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. चीवर-भाजकाची नेमणूक करताना महावग्गाने पाच गुण सांगितले आहेत : पक्षपात, द्वेष, मोह, भय यांच्या आहारी न जाणे, आणि काय वाटले व काय वाटायचे राहिले हे ठाऊक असणे. पाचवा गुण किती दुर्मिळ, हे मुख्याध्यापक सांगतील.

त्याच वर्षी मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ला इत्यादींवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट रोजी हिजाब, टोपी व बिल्ल्यापुरती त्या परिपत्रकाला स्थगिती दिली आणि टिळा किंवा टिकली यांवरही बंदी घालणार काय, असे विचारले. बहुसंख्यांची खूण नियम करणाऱ्याच्या नजरेला खूण म्हणून दिसतच नाही, हे त्या प्रश्नाने उघड केले.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या किती तरी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी तेथे शिक्षण घेतले. हे नाव ज्या ग्रंथातून आले, त्या मिलिन्दपञ्हात नागसेन सात वर्षांचा असतानाचा प्रसंग आहे. कजंगल गावातील त्या ब्राह्मणपुत्राने रोहण स्थविरांना सरळ विचारले, की तुमचे डोके व तुमची वस्त्रे इतरांसारखी का नाहीत? रोहणांनी त्याला गप्प बसविले नाही. केसांमुळे येणारी सोळा व्यवधाने त्यांनी एकेक करून मोजून दाखविली : अलंकार, तेल, धुणे, माळा, सुगंध, रंग, विंचरणे, न्हावी, गुंता, उवा, आणि केस गळू लागले म्हणजे होणारा शोकदेखील. मग मुलाने वस्त्रांविषयी विचारले, त्याचेही उत्तर मिळाले. मग त्याने विद्या मागितली. आईबापांची अनुमती घेऊन हा वेश धारण करशील तेव्हा शिकवीन, असे रोहण म्हणाले. आणि तो मुलगा आईबापांना विचारण्यासाठी घरात गेला.