सामाजिक दायित्व आणि कर्मचाऱ्यांची बांधिलकी

एखाद्या कंपनीने वृक्षारोपण केले, शाळेला संगणक दिले किंवा रक्तदान शिबिर भरवले, की त्याची छायाचित्रे वार्षिक अहवालात झळकतात. मात्र, या उपक्रमांमुळे त्या कंपनीत काम करणाऱ्या माणसांचे कामाशी असलेले नाते बदलते का, याचा विचार तुलनेने कमी होतो. व्यवस्थापनशास्त्रात या नात्याला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट', म्हणजे कर्मचाऱ्यांची कामाशी असलेली बांधिलकी, असे म्हणतात.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ दि. १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. पाचशे कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. कर्मचाऱ्यांना अशा कामात सहभागी करून घेण्यास प्रोत्साहन द्यावे, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये स्पष्ट केले. पण त्यांच्या विनामोबदला सेवेचे पैशांत मोल करून ते या खर्चात दाखवता येणार नाही, असेही बजावले. साहजिकच, कर्मचाऱ्यांचा सहभाग हा कायद्याच्या हिशेबाचा नव्हे, तर कंपनीच्या इच्छेचा विषय ठरतो.

बांधिलकी म्हणजे काय?

अमेरिकेतील अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये या संकल्पनेची मांडणी केली. माणूस कामात स्वतःला किती झोकून देतो, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कामाला अर्थ आहे असे वाटणे, मनमोकळे वागण्याची भीती नसणे आणि त्यासाठी पुरेशी ताकद शिल्लक असणे, या त्या तीन गोष्टी होत. सामाजिक उपक्रम यांपैकी पहिल्या गोष्टीला हातभार लावू शकतात.

अँटे ग्लावस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका मोठ्या व्यावसायिक सेवा कंपनीच्या १५ हजार १८४ कर्मचाऱ्यांची माहिती तपासण्यात आली. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीमुळे कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी आपल्या खऱ्या स्वरूपात वावरता येते आणि त्यातून बांधिलकी वाढते, असे त्यात आढळले. मात्र, हेच सामाजिक काम नेहमीच्या कामाबाहेरचे, वरकड असेल, तर हा परिणाम क्षीण होतो, हा त्यातील निष्कर्ष अधिक बोलका आहे.

भारतातील प्रयोग

कर्मचाऱ्यांच्या सहभागाचे प्रयत्न भारतात कायद्याच्या आधीपासून सुरू आहेत. महिंद्र समूहाने २००५ मध्ये 'एम्प्लॉयी सोशल ऑप्शन्स' हा उपक्रम सुरू केला. त्याचे 'ईसॉप्स' हे लघुरूप कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या समभागांच्या योजनेची आठवण करून देणारे आहे. २००९ पासून दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साजऱ्या होणाऱ्या, आता 'दानउत्सव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सप्ताहातही अनेक कंपन्यांचे कर्मचारी सहभागी होतात. टाटा समूहाने २०१४ मध्ये 'टाटा एंगेज' हा स्वयंसेवेचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील 'प्रोएंगेज'मध्ये कर्मचारी आपले व्यावसायिक कौशल्य काही महिने स्वयंसेवी संस्थांना देतात. हिशेबनिसाने संस्थेचे हिशेब मार्गी लावणे आणि त्यानेच एका सकाळी रोप लावून परतणे, यांतील फरक येथे लक्षात येतो.

सक्तीची स्वयंसेवा

अडचण सुरू होते ती स्वेच्छेची जागा हजेरीपट घेतो तेव्हा. आठवडाभर दमलेल्या माणसाला रविवारी कंपनीचा टी-शर्ट घालून झाडू हाती घ्यायला लावले, तर कान यांनी सांगितलेली तिसरी अट, म्हणजे उरलेली ताकद, तेथेच संपते. सहभागाची नोंद वार्षिक मूल्यमापनात होणार असेल, तर नकार देण्याची मोकळीकही उरत नाही.

बाहेर दानशूर आणि आत कंजूष, अशी प्रतिमा तर अधिकच घातक. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये, तर भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये सुरू झाला. त्या निधीचा देशव्यापी कायदा १९५२ मध्ये आला. कंत्राटी कामगाराचे वेतन थकवून शेजारच्या वस्तीत पाणपोई उभारणाऱ्या कंपनीला हा इतिहास आरसा दाखवतो. कंपनीच्या चांगुलपणाची पहिली पारख तिचे कर्मचारीच करत असतात.