बावीस कोणाचे?

माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'जेव्हीएमच्या मर्यादेमुळे स्कालामध्ये फंक्शनला २२ पेक्षा जास्त आर्ग्युमेंट देता येत नाहीत.' गाईडनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'जेव्हीएमची मर्यादा किती?' शोधलं, तर २५५. मग माझे २२ आले कुठून? वाक्यातला 'मुळे' मी स्वतःच्या मनाने घातला होता. तुम्ही आता प्रस्ताव लिहायला बसणार असाल, तर हा 'मुळे' जपून वापरा. या एका आकड्याच्या निमित्ताने तो कसा तपासायचा ते बघू.

सुरुवात गणितापासून करू, कारण गणिताला मुळात एकच आर्ग्युमेंट पुरतं. मोझेस श्योनफिंकेल यांनी १९२० मध्ये ग्योटिंगेनला एक व्याख्यान दिलं, ते १९२४ मध्ये छापून आलं. दोन आर्ग्युमेंटचं फंक्शन म्हणजे असं फंक्शन, जे पहिलं आर्ग्युमेंट घेऊन दुसरं फंक्शन परत देतं, आणि ते दुसरं आर्ग्युमेंट घेतं. फ्रेगेंकडे ही कल्पना १८९३ मध्येच दिसते. पुढे हॅस्केल करी यांनी ती वाढवली आणि नाव त्यांचं लागलं: करीइंग. श्योनफिंकेल यांचं श्रेय खुद्द करी मान्य करत, पण नावं अशीच चिकटतात. लक्षात घ्या, श्योनफिंकेल यांना प्रोग्रामिंगशी काही देणंघेणं नव्हतं. तर्कशास्त्रातल्या मूलभूत संकल्पना कमीत कमी करायच्या, हा त्यांचा उद्योग होता.

आता स्काला. मार्टिन ओडरस्की यांची ही भाषा २००४ पासून जेव्हीएमवर आहे. तिच्यात फंक्शन हीसुद्धा ऑब्जेक्टच, आणि ऑब्जेक्टला टाइप हवा. दोन आर्ग्युमेंटच्या फंक्शनचा टाइप वेगळा, तीनचा वेगळा, कारण प्रत्येक आर्ग्युमेंटसाठी एक टाइप पॅरामीटर लागतो. 'कितीही आर्ग्युमेंट' असं एका टाइपमध्ये सांगायची सोय नव्हती. म्हणून लायब्ररीत फंक्शन० पासून फंक्शन२२ पर्यंत एकेक ट्रेट लिहून ठेवलं आणि तिथे थांबले. म्हणजे २२ हा आकडा यंत्राचा नाही, गणिताचाही नाही. टाइप-पद्धतीत एक गोष्ट सांगता येत नव्हती, ती हाताने यादी करून भागवली, आणि यादी म्हटली की कुठेतरी संपणारच.

त्रास कुणाला झाला? पंचवीस आर्ग्युमेंटचं फंक्शन सहसा कुणी लिहीत नाही, पण डेटाबेसच्या टेबलात तीस कॉलम सर्रास असतात. अशा टेबलासाठी केस क्लास लिहायला गेलं की २२ वर गाडी अडायची. केस क्लासवरची मर्यादा २.११ आवृत्तीत, २०१४ मध्ये उठली. फंक्शन आणि टपलसाठी मात्र २०२१ च्या स्काला ३ ची वाट पाहावी लागली. तिथे २२ च्या पुढच्या फंक्शनसाठी आत एकच अ‍ॅरे दिला जातो. प्रोग्रामरला पंचवीस आर्ग्युमेंट दिसतात, जेव्हीएमला एक.

क्लोजरमध्ये मर्यादा २० ची आहे, पण कारण निराळं. तिथे टाइप आड येत नाहीत, वेग येतो. ० ते २० आर्ग्युमेंटसाठी वेगवेगळ्या मेथड आधीच लिहिलेल्या आहेत, म्हणजे दर कॉलला अ‍ॅरे बांधावा लागत नाही. त्यापुढची आर्ग्युमेंट हवी असतील तर '&' लावून उरलेली एकत्र घ्यायची. आणखी एक गंमत बघा: लाँग किंवा डबल अशा साध्या किमती थेट घेणाऱ्या फंक्शनला इथे चारच आर्ग्युमेंट चालतात. का चार? प्रत्येक जागी ऑब्जेक्ट, लाँग, डबल असे तीन पर्याय, परतीच्या किमतीलाही तीनच. चार आर्ग्युमेंटला ३ चा पाचवा घात, म्हणजे २४३. सगळीकडे ऑब्जेक्ट असलेला एक वगळा, तर २४२ इंटरफेस. पाचवं आर्ग्युमेंट घेतलं की आणखी ७२८! हा आकडा का थांबला, हे साध्या गुणाकाराने कळतं. असे आकडे मला फार आवडतात.

कॉमन लिस्पचे ५० उलट बाजूचे आहेत. प्रमाणक म्हणतं, आर्ग्युमेंटच्या संख्येची मर्यादा सांगणारा स्थिरांक कोणत्याही अंमलबजावणीत ५० पेक्षा कमी नसावा. इथे मर्यादा म्हणजे वचन, कुंपण नव्हे. त्यामुळे लांबलचक यादी 'अप्लाय'ने बेरजेला दिली, तर एका अंमलबजावणीत चालेल, दुसरीत कोसळेल, आणि दोघीही नियमातच असतील. म्हणून जाणकार तिथे 'रिड्यूस' वापरतात.

हॅस्केल तरी यातून सुटली असेल असं वाटेल. फंक्शनच्या बाबतीत हो, कारण तिथे प्रत्येक फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेतं. पण यादी टपलमध्ये परत डोकावते: २०१० च्या भाषा-अहवालात किमान १५ घटकांच्या टपलची हमी आहे, आणि लायब्ररीतलं 'झिपविथ' सातावर थांबतं. जीएचसीच्या पोटातही खरोखर एकेक आर्ग्युमेंट दिलं जात नाही, ते फार महाग पडेल. अनोळखी फंक्शनला एकदम कितीतरी आर्ग्युमेंट देणारे ठरावीक साचे रनटाइममध्ये तयार असतात. त्या निवडीमागची तुलना मार्लो आणि पेटन जोन्स यांच्या २००४ च्या निबंधात आहे. तो अवश्य वाचा.

आणि क्लोजरच्या स्रोतातली आयएफएन ही फाइल उघडून 'इन्व्होक' मेथड स्वतः मोजा. ० ते २० च्या एकवीस, वर उरलेल्यांसाठी एक: एकूण बावीस भरतात. स्कालाच्या बावीसशी त्यांचा काहीएक संबंध नाही.