शेवटच्या 'जी'ची कुळकथा

जावास्क्रिप्टमध्ये 'काका' या शब्दावर रिप्लेस चालवून 'का'च्या जागी 'मा' मागितला, तर हाती 'माका' येतं. पहिला 'का' बदलतो, दुसरा तसाच राहतो. 'मामा' हवा असेल, तर 'का' दोन तिरक्या रेघांमध्ये लिहून शेवटी 'जी' हे इंग्रजी अक्षर जोडावं लागतं. नवशिक्यांना हा भाषेचा दोष वाटतो. माझ्या मते तो वारसा आहे, आणि जावास्क्रिप्टहून सुमारे पाव शतकाने जुना आहे.

तिरक्या रेघांतला असा नमुना म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, आणि त्याचा जन्म मजकुराच्या कामासाठी झालाच नाही. चेतापेशींच्या जाळ्याला कोणते घटनाक्रम ओळखता येतील, हा प्रश्न गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१मध्ये हाताळला. पुनरावृत्ती दाखवणारी त्यांची चांदणी आजही नमुन्यांत टिकून आहे. केन थॉम्प्सन यांनी हे गणित मजकूर शोधायला जुंपलं आणि १९६८मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे युनिक्सवरच्या त्यांच्या 'एड' या संपादकात बदलाची आज्ञा आली: आधी 'एस', मग तिरक्या रेघांत जुनं आणि नवं. ही आज्ञा ओळीतला पहिलाच जुळणारा तुकडा बदले. सगळे हवे असतील तर शेवटी 'जी'. तेव्हा टेलिटाइप कागदावर ओळ छापत असे, आणि टंकनातली एखादी चूक सुधारणं हे नेहमीचं काम. अशा वेळी न सांगता एकच जागा बदलणं शहाणपणाचंच होतं.

कोणी म्हणेल, जावास्क्रिप्टने हे पर्ल या भाषेकडून घेतलं, मग एडचा संबंध काय? पर्लचं ऋण मान्यच आहे. एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाच्या १९९९च्या तिसऱ्या आवृत्तीत ते स्पष्ट नोंदवलेलं आहे. पण पर्लने ही आज्ञा एड आणि त्याच्यावरूनच बेतलेल्या सेड या संपादकाच्या घराण्यातूनच उचलली. दुसरा आक्षेप असा की, पहिल्यावर थांबलं की यंत्राचा वेळ वाचतो. मग पायथनचं काय? तिथलं रिप्लेस काही न सांगता सगळेच तुकडे बदलतं. म्हणजे ही यंत्राची गरज नव्हे, घराण्याची सवय आहे. फरक एवढाच पडला की, एडमध्ये 'जी'ची हद्द ओळीपुरती होती, जावास्क्रिप्टमध्ये ती अख्ख्या मजकुरावर पसरली. अवतरणचिन्हांतल्या साध्या मजकुराला तर 'जी' जोडायला जागाच नसते, तरी पहिलाच बदलण्याची रीत तिथेही लागू झाली. वारशाची याहून ठळक खूण मला दिसत नाही.

एक्मास्क्रिप्टच्या २०२१च्या आवृत्तीत रिप्लेसऑल आलं आणि 'काका'चे 'मामा' एका फटक्यात होऊ लागले. पण त्याला तिरक्या रेघांतला नमुना 'जी'शिवाय दिला, तर ते काहीही न बदलता चूक दाखवून थांबतं.