गिअर बदलण्याची गोष्ट

मोटार चालवायला शिकणे म्हणजे चाक हाती धरून रस्त्यावरची माणसे, सायकली आणि गुरे चुकविणे, अशी न शिकलेल्यांची समजूत असते. शिकू लागल्यावर दोनच दिवसांत कळते, की चाक हे त्यातले सर्वांत सोपे प्रकरण; खरी परीक्षा डाव्या पायाची आणि डाव्या हाताची. क्लच दाबायचा, गिअर बदलायचा, क्लच सोडायचा. आणि हे सारे असे, की मागे बसलेल्या आजीच्या मांडीवरचा फराळाचा डबा जागचा हलू नये. गाडीने हिसका दिला की आजी काही बोलत नाही, पण डब्यावरचा हात घट्ट करते. शिकणाऱ्याला तेवढे पुरते.

हा हिसका कोठून येतो आणि तो घालविण्यासाठी माणसांनी काय काय केले, ह्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मोटारीच्या इतिहासात शोधकांची नावे सापडतात, शर्यती जिंकणाऱ्यांची सापडतात. पण अर्धवट यंत्र आपल्या हातापायांच्या कसबावर पुरे करून दाखविणाऱ्या हजारो चालकांची सापडत नाहीत. त्यांचीही आठवण ह्या निमित्ताने व्हावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम, गिअर लागतोच कशाला? बैल चढावर मंदावतो, पण त्याचा जोर कमी होत नाही. उलट तो मान घालून अधिकच रेटतो. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव ह्याच्या उलट. ते फार मंद झाले की त्याचा जोरही ओसरतो, आणि आणखी मंद झाले की ते बंदच पडते. तेव्हा इंजिनाला त्याच्या वेगाने फिरू द्यायचे आणि गाडीच्या चाकांना मात्र सावकाश फिरवायचे, अशी तडजोड दातेरी चाकांकडून करून घ्यावी लागते. लहान चाकाने मोठे चाक फिरविले की वेग घटतो आणि जोर वाढतो. गिअर म्हणजे एवढेच.

ही गरज प्रथम ज्यांना प्रत्यक्ष सोसावी लागली, त्यांत एक गृहिणी होती. जर्मनीत कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पण लोकांचा त्या गाडीवर विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. सुमारे १०६ किलोमीटरचा तो प्रवास. वाटेत औषधांच्या दुकानातून इंधन घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. पण चढ आला की तिचा इलाज चालेना. मुलांनी खाली उतरून गाडी ढकलावी, तेव्हा ती वर जावी. परत आल्यावर तिने कार्लला चढासाठी आणखी एक गिअर बसवायला सुचविले, असे सांगतात. माहेरची वाट अवघड गेली म्हणून यंत्र सुधारले, असे उदाहरण विरळाच!

पुढे फ्रान्समध्ये एमिल लवासॉरने मोटारीच्या गिअरबॉक्सला जे रूप दिले, ते पुष्कळ वर्षे टिकले. दांड्यावर लहानमोठी दातेरी चाके बसवायची आणि तरफेने एक चाक बाजूला सरकवून दुसऱ्याच्या दातांत घुसवायचे, अशी ती रचना. हे ओबडधोबड आहे खरे, पण चालते, अशा अर्थाचे उद्गार त्यानेच काढले असे म्हणतात. आणि ते चाललेही. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत त्याने सुमारे ११७८ किलोमीटरचे अंतर ४८ तास ४८ मिनिटांत तोडले, तेही जवळजवळ सगळा वेळ स्वतःच गाडी हाकून. गंमत अशी, की सर्वांआधी पोहोचूनही पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही; त्याची गाडी दोनच आसनांची होती, आणि बक्षीस चार आसनांच्या गाडीसाठी राखलेले होते.

ह्या रचनेतच सारे दुखणे होते. समजा, गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे. त्याच चालीला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने ३००० फेरे घेतले पाहिजेत, असे दात्यांचे प्रमाण आपण धरू. आता तरफ तशीच तिसऱ्यात ओढली तर काय होईल? एक चाक हळू फिरते आहे, दुसरे झपाट्याने. दातांवर दात आदळून अशी करकर होईल, की रस्त्यावरचे लोक वळून पाहतील.

ह्यावर उपाय निघाला, तो यंत्रात नव्हे, माणसात. क्लच दाबून तरफ आधी न्यूट्रलला आणायची. मग क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला दांडा पुन्हा जोडले जातात. अशा स्थितीत ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचे फेरे वाढवायचे. त्याबरोबर आतल्या चाकांचेही वाढतात. फेरे बरोबर जुळले असे वाटले की पुन्हा क्लच दाबून गिअर घालायचा. वरचा गिअर घालायचा असेल तर ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. फेरे उतरेपर्यंत क्षणभर थांबायचे. आपल्याकडचे ड्रायव्हर ह्याला 'डबल क्लच' म्हणत. लिहिताना चार ओळी लागल्या, पण करायला मिळायचा एखादा सेकंद. पुष्कळ गाड्यांत फेरे मोजणारी तबकडी नसे. कान हीच तबकडी.

हा त्रास टाळण्याची वाट अमेरिकेत हेन्री फोर्डने काढली. १९०८ साली आलेल्या त्याच्या 'टी' मॉडेलमध्ये दोनच गिअर होते, पण त्यांची दातेरी चाके नेहमी एकमेकांत गुंतलेली असत. डावे पायतळ दाबले की सावकाश गिअर, सोडले की जलद, मधोमध धरले की न्यूट्रल. करकरीचा प्रश्नच नाही. १९२७ पर्यंत ह्या गाड्या दीड कोटीहून अधिक निघाल्या. त्यांच्या स्वस्ताईचे कौतुक सगळे करतात. परंतु शेतकऱ्यालाही कोणाच्या हाताखाली उमेदवारी न करता ती चालविता येई, हेही तिच्या लोकप्रियतेचे कारण असले पाहिजे, असे मला वाटते.

आपल्याकडे मात्र हे कसब प्रामुख्याने पोटापाण्याचे होते. १ जून १९४८ रोजी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, आणि मग गावोगावचे रस्ते, आणि विशेषतः घाट, ह्या ड्रायव्हरांच्या ताब्यात आले. आमच्या शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहत. सारी आळी त्यांना काका म्हणे. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नियम असा: ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा. "आणि तो गिअर उतारावर शोधायचा नसतो, बाळ, वरच घालून ठेवायचा."

ह्या वाक्यात केवढा अर्थ आहे, हे गिअरबॉक्स समजल्यावाचून कळत नाही. लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी आणली तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून खालचा गिअर घालून इंजिनालाच गाडी आवरायला लावायचे. पण उतार सुरू झाल्यावर कोणी गिअर बदलू लागला, तर तरफ आधी न्यूट्रलला येणार. तेवढ्यात गाडी वेग घेणार, आणि चाकांचे फेरे इतके वाढणार की खालचा गिअर पडणारच नाही. मग गाडी ना वरच्या गिअरमध्ये, ना खालच्या. मागे पन्नास माणसे, पुढे वळण आणि दरी. ज्या कसबाला आपण आज हौस म्हणतो, त्यावर त्या काळी इतके जीव टांगलेले असत. आणि गाडी सुखरूप खाली आली की उतारू आपापली बोचकी घेऊन चालू लागत. ड्रायव्हरचा चेहराही कोणी पाहत नसे.

यंत्रानेच हे काम अंगावर घ्यावे, ही कल्पना अर्ल थॉम्पसन ह्या अमेरिकन अभियंत्याची. १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत 'सिंक्रोमेश' आले. दात गुंतण्याच्या आधी दोन शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो, आणि मग दात निमूटपणे एकमेकांत शिरतात. चालकाचा कान जे करी, तेच धातूची कडी करू लागली. मात्र पुष्कळ गाड्यांत पहिल्या गिअरला ही सोय बरीच वर्षे नव्हती, आणि अवजड वाहनांत तर ती फार उशिरा आली. थॉम्पसनचे नाव पुढे १९३९ साली आलेल्या 'हायड्रामॅटिक' ह्या स्वयंचलित गिअरबॉक्सशीही जोडले गेले. त्यात क्लचचे पायतळच उरले नाही.

तरीही शिकणाऱ्याला हिसका बसतोच. ह्याचे कारण असे, की सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतली चाके जुळविते. इंजिन आणि क्लच जुळविणे अजून चालकाकडेच आहे. खालच्या गिअरमध्ये येताना क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करावा, वर जाताना इंजिनाला उतरायला क्षणभर द्यावा, आणि क्लच जेथे धरू लागतो तेथे पायाने घाई करू नये. जुन्या डबल क्लचचाच हा उरलेला अंश होय.

मुंबईच्या फियाट टॅक्सीवाल्यांनी चाकाखालच्या दांडीने हे वर्षानुवर्षे केले. त्यांतली शेवटची 'प्रीमियर पद्मिनी' २०२३ साली टॅक्सीच्या सेवेतून गेली. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाच्या हाती गिअरची तरफ दिली, आणि घरोघरच्या बायका-मुली गाडी शिकू लागल्या. पुढे आपल्याकडच्या लहान गाड्यांतही यंत्रच गिअर बदलू लागले. आणि विजेच्या मोटारीला तर बहुधा एकच गिअर पुरतो, कारण तिचे यंत्र थांबलेल्या अवस्थेतूनही बैलासारखे पुरा जोर लावते. १ जून २०२२ रोजी पुण्याहून नगरला, आताच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची विजेवरची 'शिवाई' निघाली. रस्ता तोच, तारीख तीच. मधल्या ७४ वर्षांत डाव्या पायाचे काम मात्र संपले.

ह्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. जे यंत्र थोड्यांनाच वश होते, ते सर्वांना वश झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु प्रत्येक सुधारलेल्या यंत्रात आधीच्या माणसांचे कसब मुरलेले असते. धातूच्या त्या कड्यात कोणाचा तरी कान आहे, कोणाचा तरी पाय आहे. दिवाळीच्या सुटीत गाडी सावकाश घाट उतरेल आणि डबा मांडीवर जागचा हलणार नाही, तेव्हा त्यांना मनातल्या मनात एक नमस्कार करायला काय हरकत आहे?