राजसेवकाचें वेतन : हक्क कीं अनुग्रह ?

राजा व राजसेवक यांच्या वेतनसंबंधाचा विचार कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांतील भृत्यभरणीय अध्यायांत आला आहे. शामशास्त्री यांनीं म्हैसुरास १९०९ मध्यें हा ग्रंथ छापिल्यापासून अभ्यासकांचें लक्ष मंत्र्याच्या ४८,००० पणांपासून जनावरांच्या परिचारकाच्या ६० पणांपर्यंतच्या कोष्टकाकडेच विशेष गेलें. आमच्या मतें खरें मर्म पुढील पदांत आहे.

कामावर असतां मेलेल्या सेवकाच्या बायकामुलांस भक्त व वेतन सांगतांना ग्रंथकार 'लभेरन्' म्हणतो. येथें कर्ता घेणारा आहे. सेवकांच्या घरचे बालक, वृद्ध व रोगी यांविषयीं मात्र तो 'अनुग्राह्याः' हें पद योजितो. पहिलें प्राप्य, दुसरी कृपा.

हाच भेद १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून सेवकाचा हक्क होय, असा निर्णय झाला.

तथापि दोहोंस एक मानणें युक्त नव्हे. राजानें प्राप्य न दिल्यास दाद कोठें मागावी, हें कौटिल्यानें त्या अध्यायांत सांगितलें नाहीं. आणि दाद नसेल तर 'लभेरन्' हें पदही राजाच्या मर्जीवरच उभें राहतें.

पेशवेकालीन बालपरवेशीचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील क्रियापदें या दृष्टीनें अवश्य तपासावीं.