एक रतल धान्य आणि माणसाचे पोट

सोलापूरकडच्या ताटात ज्वारीची भाकरी मुख्य खरी, पण ती एकटी नसते. शेंगांची चटणी, हुलग्याचे माडगे, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, कांदा आणि ताक अशी तिची सोबत पिढ्यान् पिढ्या जमत आली आहे. ही सोबत तुटली म्हणजे पोटाची काय दशा होते, हे मोठ्या दुष्काळाने दाखवून दिले.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. पुढल्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाप्रमाणे दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी ठरली: एक रतल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. डाळीला, भाजीला, मिठालाही तेवढ्यातच भागवायचे! मजुरांनी कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी यांच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, आणि मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही या मापाला कडाडून विरोध केला.

मद्रासेत डॉ. पोर्टर यांनी दुष्काळात मेलेल्यांची शवे तपासली. आतडी झिजून पातळ झालेली त्यांना आढळली. छावणीत अन्न मिळूनही पुष्कळजण हगवणीने का दगावत, याचा उलगडा त्यातून होतो. आज आपल्याला आणखी कळले आहे, ते असे की आतड्यातले असंख्य सूक्ष्म जंतू धान्याच्या, कडधान्याच्या आणि भाजीच्या चोथ्यावर जगतात व त्यातून आतड्याच्या अस्तरालाच पोषण देतात. नाना तऱ्हेचे अन्न असेल, तर त्यांच्या नाना जाती टिकतात.

परंतु सर्वांची पोटेही सारखी नसतात. एकाला दूध बाधते, ताक मानवते. हॉलंडात १९४४-४५ च्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला, तेव्हा कायम अतिसाराने खंगलेली काही मुले सुधारू लागली. गव्हानेच त्यांचे आतडे बिघडत होते, हे डॉ. डिके यांनी १९५० साली प्रबंधात मांडले. गव्हातले ते द्रव्य ज्वारीत नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, ही १८७७ च्या मानाने केवढी मजल! तरी रेशनच्या दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळच येतो. ज्या मुलाला गहू बाधतो, त्याच्या आईने पिशवी घेऊन कुठे जावे?