डार्क फ्रेम संयोजन
खगोलीय कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमांमधील उष्णताजन्य दोष वजा करण्यासाठी अनेक डार्क फ्रेम एकत्र करून एक प्रमाण चौकट (मास्टर डार्क) तयार करण्याची पद्धत. डार्क फ्रेम झाकण लावून टिपतात. एक्स्पोजरचा काळ व संवेदकाचे तापमान मात्र मूळ छायाचित्राइतकेच ठेवतात.

प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे संवेदकात इलेक्ट्रॉन सुटतात. तापमान सुमारे ६° से. वाढले की हा प्रवाह साधारण दुप्पट होतो. एकच डार्क फ्रेम वजा केली, तर ठरावीक दोष जातो, पण तिचा स्वतःचा यादृच्छिक गोंगाट प्रतिमेत मिसळतो. दोन्हींचा गोंगाट सारखा असेल, तर एकूण गोंगाट १.४१ पट होतो. १६ चौकटींची सरासरी वजा केल्यास ही वाढ जेमतेम ३ टक्के राहते. विश्वकिरणांचे ठिपके सरासरीत उरतात. म्हणून मध्यक घेतात किंवा टोकाची मूल्ये वगळून सरासरी काढतात. पुरेशा चौकटी असल्यास दुसरा मार्ग अधिक चांगला.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवली येथील २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून कार्यरत आहे. अशा मोठ्या वेधशाळांत संवेदक अतिथंड ठेवल्याने डार्क फ्रेमची गरज कमी पडते. हौशी निरीक्षकाला ती सवलत नाही. हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे शीतक नसलेल्या कॅमेऱ्यासाठी हिवाळ्यातील डार्क फ्रेम उन्हाळ्यात वापरू नयेत, त्या निरीक्षणाच्या रात्रीच घ्याव्यात.